पावसाळ्यात कोकणातून फॉर्म्युला वन: चित्र गेलं तरी शर्यत हातची जाऊ नये म्हणून

फॉर्म्युला वनचा युरोपातला हंगाम आणि कोकणातला पाऊस जोडीनेच येतात. मोनॅकोच्या आगेमागे मृग लागतो, सिल्व्हरस्टोन-स्पा-हंगेरी भर पावसात पडतात आणि झांडव्होर्ट-मोंझा येईतो गणपतीची गडबड सुरू झालेली असते. म्हणजे वर्षातल्या चांगल्या शर्यती नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा माडाची झावळी तारेवर पडून अख्खी वाडी अंधारात जाते आणि मोबाइलला एकच काडी उरते.

यावरचा उपाय मोठा टीव्ही नाही. टीव्हीवर एका वेळी दोन-तीन गाड्या दिसतात, बाकीच्या कुठे आहेत ते कळत नाही. गाड्यांमधली अंतरं सेकंदांत लिहून घ्यायची सवय लागली, की चित्र अर्धा तास गेलं तरी धागा तुटत नाही. चित्राला तासाला एक-दोन जीबी डेटा लागतो, आकड्यांना अगदी थोडा. तेव्हा आधी आकड्यांची सोय करावी, चित्राचं नंतर बघावं.

वेळ

युरोपातल्या बहुतेक शर्यती तिथल्या दुपारी ३ ला सुटतात. उन्हाळी घड्याळात ते आपले संध्याकाळचे ६:३०. ब्रिटन एक तास मागे, त्यामुळे सिल्व्हरस्टोन ७:३० ला. शनिवारची पात्रता फेरी युरोपात बहुधा आपल्या ७:३० ला असते. जपान सकाळी १०:३०, सिंगापूर संध्याकाळी ५:३०, ब्राझील रात्री १०:३० अशा वेळा गेल्या काही हंगामांत राहिल्या आहेत. फसगत होते ती अमेरिकेत. ऑस्टिन आणि मेक्सिको तिथल्या रविवारी दुपारी, पण आपल्याकडे तोवर मध्यरात्र उलटून सोमवार लागलेला असतो. लास व्हेगास तिथे शनिवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ. सुट्टी टाकायची असेल तर हे आधी नीट बघावं. अधिकृत वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरात भरलं की वेळा आपोआप भारतीय होतात, हातचे हिशेब करू नयेत.

गणपतीत अडचण आरतीची. २०२५ मध्ये झांडव्होर्टची शर्यत गौरी आवाहनाच्या दिवशीच आली होती. मोंझा त्या मानाने सोयीची, कारण ती लवकर संपते. ५.७९३ किलोमीटरचे ५३ लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या), त्यातही बराचसा सरळ रस्ता. २०२५ ला ड्रायव्हर व्हर्स्टापेनने ती ताशी सरासरी २५० किलोमीटरच्या वर वेगाने, सव्वा तासाच्याही आत संपवली. ६:३० ला सुटलेली शर्यत पावणेआठला आटोपते, घरच्यांना आरती आठला धरायला सांगता येतं. मोनॅकोबद्दल असं काही कबूल करू नये. तिथे अंतर फक्त २६० किलोमीटर (इतरत्र ३०५ च्या थोडं वर), तरी वेग कमी असल्याने वेळ तेवढाच किंवा जास्तच जातो. पावसाने शर्यत थांबली तर थांब्यांसकट तीन तासांपर्यंत लांबू शकते.

वीज आणि नेट

आगोटीला घरात लाकडं, सुकी मासळी आणि मिरच्या भरतात, त्याच आठवड्यात शर्यतीचीही आगोट करून टाकावी.

इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून त्यातले ६० टक्केच धरा: १०८०. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे २० टक्के वजा केले की उरले साधारण ८६०. आता लोड: ३२ इंची एलईडी टीव्ही ५० वॉट, फायबरचा डबा आणि राउटर मिळून १५, एक पंखा ७०, दोन बल्ब १८. एकूण १५३. म्हणजे साडेपाच तास, शर्यत आणि नंतरच्या मुलाखती मिळून पुरून उरतात. त्यावर फ्रिज चालवला तर हा हिशेब कोसळतो. चार-पाच वर्षं जुनी बॅटरी यातलं निम्मंही देईलच असं नाही. एखाद्या साध्या संध्याकाळी मेन स्विच बंद करून हाच लोड दोन तास चालवून बघा, आणि त्याआधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी घालू नये, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.

इन्व्हर्टर नसेल तर निदान राउटरला छोटा डीसी यूपीएस घ्यावा. आत १०,००० एमएएचचे सेल असतील तर ३.७ व्होल्टने गुणून ३७ वॉट-तास होतात. नुकसान वगळून ३० धरा. राउटर १२ वॉट खात असेल तर अडीच तास. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर छापलेला व्होल्टेज, ९ की १२, आणि पिनची जाडी बघून घ्या. फायबरच्या डब्याची पिन वेगळी असेल तर दोन आउटपुट असलेला घ्यावा. राउटर चालू आणि डबा बंद, ही चूक फार घरांत होते आणि दोष मात्र नेटवाल्याला जातो.

घरातली वीज सांभाळली तरी बाहेरची आपल्या हातात नसते. केबलवाल्याच्या खांबावरच्या पेटीतला स्विच विजेवर चालतो, मोबाइल टॉवरची बॅटरीही काही तासांत उतरते. म्हणून वीज गेल्यावर पहिला तासभर नेट बरं असतं आणि मग मरतं. दुसऱ्या कंपनीचं एक सिम हाताशी असू द्यावं आणि घरात कुठे त्याची रेंज येते ते आधीच हेरून ठेवावं: खळ्यात, पडवीच्या कोपऱ्यात, माळ्यावरच्या खिडकीशी. फोन तिथे ठेवून हॉटस्पॉट आत घ्यायचा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, कारण चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झची लहर फारशी आत येत नाही.

२०२४ पासून भारतात शर्यती फॅनकोड या अ‍ॅपवर दिसतात. हंगामाच्या सुरुवातीला पास आणि हक्क एकदा तपासून घ्यावेत. डेटा असा मोजा: ५ एमबीपीएसचं चित्र तासाला सव्वादोन जीबी, अडीच एमबीपीएसचं सव्वा जीबीच्या आत, १ एमबीपीएसचं साडेचारशे एमबी. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर दोन तासांची शर्यत मधल्या दर्जात मावत नाही, सगळ्यात खालच्या दर्जात मावते. दर्जा 'ऑटो'वर ठेवू नका. नेट वरखाली होताना ऑटो प्रत्येक वेळी वर चढायला जातं आणि अडकतं. ४८० वर कायम ठेवलेलं चित्र अंधुक दिसतं पण चालत राहतं. अडकून पुन्हा सुरू झालं की 'लाइव्ह'चं बटण दाबा, नाहीतर तुम्ही दोन मिनिटं मागे राहता आणि मुंबईहून भावाचा फोन आधी येतो.

आकड्यांसाठी दुसरा फोन. फॉर्म्युला वनच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये क्रम आणि अंतरं दिसतात. हे आकडे चित्राच्या पुढे धावतात, अर्धा मिनिट तरी. ज्यांना रस मोडायला नको असेल त्यांनी चित्र चालू असताना पडद्यावरच्याच पट्टीतून आकडे उतरावेत आणि फोन पालथा ठेवावा. चित्र गेलं की फोन उलटायचा.

पत्र्याच्या छपराखाली बसणार असाल तर एक गोष्ट विसरू नका: जोराची सर आली की समालोचन ऐकू येत नाही. वायरवाला स्पीकर खुर्चीजवळ ठेवावा.

वही

दोनशे पानी आखीव वही, पेन्सिल आणि स्केचपेनं: लाल, पिवळं, हिरवं, निळं. डाव्या कडेला लॅपचा आकडा, पुढे आठ रकाने, पहिल्या आठ गाड्यांसाठी. दर लॅपला लिहायला जाऊ नका, हात दुखतो आणि बघायचं राहून जातं. पाच-पाच लॅपनी एक ओळ पुरते. त्याखेरीज कुणी पिटला (टायर बदलायच्या थांब्याला) गेलं, सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी) आली, कुणी बाद झालं, तर तिथल्या तिथे वेगळी ओळ.

अंतर लिहायचं ते पुढच्या गाडीपासूनचं. पडद्यावर दोन्ही प्रकार आलटून-पालटून येतात: एकदा पहिल्या गाडीपासूनचं, एकदा लगेच पुढच्या गाडीपासूनचं. दोन्ही मिसळले की पान फुकट. नावांच्या तीन अक्षरी खुणा पडद्यावर आहेत तशाच वापराव्यात.

नावापुढे टायरचा ठिपका. लाल म्हणजे मऊ, पिवळा मध्यम, कडक टायरचा रंग पांढरा म्हणून नुसतं रिकामं वर्तुळ. हिरवा इंटरमीडिएट, म्हणजे हलक्या पावसाचा, निळा पूर्ण पावसाळी. इथे नव्या माणसाचा गोंधळ होतो. टायर पुरवणारी पिरेली कंपनी दर शर्यतीला आपल्या कोरड्या टायरांतले तीनच प्रकार आणते, आणि त्यातल्या सगळ्यात मऊला लाल रंग मिळतो. म्हणून मोनॅकोतला लाल आणि सिल्व्हरस्टोनचा लाल एकच रबर असेल असं नाही. मागच्या शर्यतीत लाल टायर इतके लॅप चालला, म्हणून आजही चालेल, असा हिशेब चुकतो. कोरड्या शर्यतीत दोन वेगवेगळ्या प्रकारांचे टायर वापरावेच लागतात, म्हणून निदान एकदा तरी पिटला जाणं आलंच.

पानाच्या माथ्यावर चौकट करून एक आकडा लिहायचा: पिटची किंमत. हा आकडा वहीचा जीव आहे. तो कुणी सांगेपर्यंत थांबायचं नाही, पहिली गाडी पिटला गेली की आपणच काढायचा. समजा ती गाडी न थांबलेल्या एका गाडीच्या ४.२ सेकंद मागे होती. पिटला जाऊन, बाहेर येऊन, एक लॅप पुरा केल्यावर ती त्याच गाडीच्या २६ सेकंद मागे आहे. २६ वजा ४.२ म्हणजे २१.८. टायर बदलायला सव्वादोन-अडीच सेकंदच लागतात (मॅक्लारेन संघाने २०२३ ला कतारमध्ये १.८० सेकंदांत बदलले होते), बाकीची सगळी किंमत पिटच्या गल्लीतल्या ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेची. मोनॅकोसारख्या अरुंद जागी ती मर्यादा ६० आहे. म्हणून प्रत्येक ट्रॅकचा आकडा वेगळा, आणि मागच्या आठवड्याचा आकडा या आठवड्याला चालत नाही.

आता वही बोलायला लागते. एखाद्याच्या मागची गाडी २१.८ पेक्षा जास्त लांब असेल, तर तो पिटला जाऊनही जागा गमावत नाही. त्याच्या रकान्यात बरोबरची खूण करा. २१.८ पेक्षा थोडं कमी असेल तर तो थांबून राहील आणि फरक वाढवायला बघेल. पिटला जाऊन तो नेमका कुणाच्या पुढे-मागे बाहेर पडेल, हेही उरलेल्या गाड्यांची अंतरं बेरजेने मांडून आधीच सांगता येतं. समालोचकाच्या आधी सांगता आलं तर पडवीतले बाकीचे मान वर करून बघतात.

अंडरकट म्हणजे काय ते असंच आकड्यांत बघावं. 'अ' पुढे, 'ब' १.८ सेकंद मागे, दोघांचे टायर वीस लॅप झिजलेले. 'ब' आधी पिटला जातो. पुढच्या लॅपला नव्या टायरांवर तो 'अ'पेक्षा २.१ सेकंदांनी वेगात येतो. 'अ' एक लॅप उशिरा पिटला जातो, किंमत दोघांना सारखीच पडते. बाहेर पडताना 'ब' ०.३ ने पुढे. रस्त्यावर एकमेकांना न गाठताच जागा बदलली. हा डाव फसतो तो तीन कारणांनी: 'ब' बाहेर पडतो तो कुणा हळू गाडीच्या मागे, टायर कडक असतात आणि तापायला लॅपभर घेतात, किंवा एखाद्या चाकाचा नट अडतो आणि एक सेकंद जास्त जातो. टायर लवकर तापत नसतील अशा ट्रॅकवर उलट चाल यशस्वी होते, म्हणजे जो उशिरा थांबतो तो पुढे निघतो. मोनॅकोत असं घडतं. तिथे रस्त्यावर पुढे जाणं इतकं अवघड झालं, की २०२५ ला दोन थांबे सक्तीचे केले होते. त्यानेही फार फरक पडला नाही.

लॅपच्या वेळा वाचताना इंधन लक्षात ठेवा. ढोबळ हिशेबाने १० किलो वजनाला लॅपमागे ०.३ सेकंद. २०२५ पर्यंतच्या गाड्यांना शर्यतीला ११० किलोपर्यंत इंधन चालायचं. ७० लॅपच्या शर्यतीत लॅपला दीड किलो जळतं, म्हणजे टायर झिजले नाहीत तर गाडी दर लॅपला जवळपास ०.०५ सेकंदाने आपोआप वेगवान व्हायला हवी. म्हणून कुणाच्या वेळा एकसारख्या येत असतील, तर टायर तेवढेच झिजताहेत असं समजा. ८०.५, ८०.५, ८०.६, ८०.६ आणि मग एकदम ८१.१, ८१.९ असं दिसलं की टायर संपले. पुढच्या दोन-तीन लॅपांत तो थांबणारच. २०२६ पासून इंधन कमी लागतं आणि शक्तीतला जवळपास निम्मा वाटा विजेचा असतो, तेव्हा हा इंधनाचा परिणामही लहान झाला आहे.

शेवटच्या टप्प्यातला हिशेब पोरंसुद्धा करतात: अंतर ९.६ सेकंद, लॅप १४ उरले, मागचा दर लॅपला ०.७ ने जवळ येतोय. १४ गुणिले ०.७ म्हणजे ९.८, गाठेल. गाठेल, पण ओलांडेल असं नाही, आणि याचं कारण गाडीच्या घडणीत आहे.

गाडीमागची गढूळ हवा

या गाड्यांची चारही चाकं अंगाबाहेर उघडी असतात, म्हणून त्यांना ओपन-व्हील म्हणतात. उघडं फिरणारं चाक हवा घुसळून काढतं. पुढचा पंख, तळ आणि मागचा पंख हे विमानाच्या पंखाच्या उलट काम करतात, गाडीला वर उचलायच्या ऐवजी खाली दाबतात. त्या दाबावरच गाडी वळणात टिकते, आणि तो दाब शांत हवेतच नीट मिळतो.

महामार्गावर एसटीच्या मागे मोटरसायकल आली की समोरचा वारा एकदम थांबतो आणि इंजिन हलकं वाटतं, पण हँडल मात्र थरथरायला लागतं. हे मुद्दाम करून बघायची गोष्ट नव्हे, पण ज्याने अनुभवलंय त्याला रेसिंगमधली अर्धी अडचण समजली. सरळ रस्त्यावर पुढच्याच्या आडोशाने मागची गाडी वेग घेते. वळणात त्याच गढूळ हवेने तिच्या पुढच्या पंखाचा दाब घटतो, पुढची चाकं घसरतात, टायर तापतात. म्हणून दर लॅपला ०.७ ने जवळ आलेला माणूस दीड सेकंदावर येऊन अडकतो. वहीत सलग दोन ओळी १.४, १.३ अशा दिसल्या, की समजा त्याचे टायर भाजताहेत. बहुतेक वेळा तो थोडा मागे सरकून टायर थंड करतो आणि पुन्हा येतो. अनाडी बघणाऱ्याला वाटतं त्याने हार मानली.

यावर २०११ ते २०२५ डीआरएस होतं. ठरलेल्या जागी अंतर एक सेकंदाच्या आत असेल तर मागच्याला मागचा पंख उघडता यायचा. जुन्या शर्यती बघताना १.० हा आकडा लाल पेनाने गोल करावा. सलग पाच-सहा गाड्या एकमेकींच्या एक सेकंदात असल्या की प्रत्येकालाच पंख उघडता येतो आणि कुणीच पुढे जात नाही, यालाच डीआरएसची आगगाडी म्हणतात. २०२६ पासून डीआरएस गेलं. आता ठरलेल्या सरळ रस्त्यांवर सगळ्याच गाड्या पंख आडवे करतात, आणि एक सेकंदाच्या आत असलेल्याला जास्तीची वीज वापरता येते. म्हणजे यंत्रणा बदलली तरी वहीतला १.० चा गोल तसाच कामाचा.

सेफ्टी कार

पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओलांडणं बंद. निळा अख्खा लॅप मागे पडलेल्यासाठी: वाट दे. लाल म्हणजे शर्यत थांबली, आणि या थांब्यात टायर फुकट बदलता येतात. ज्याने दोन लॅप आधी २२ सेकंद मोजून टायर बदलले त्याच्या नशिबाला इलाज नाही.

सेफ्टी कार आली की माथ्यावरचा चौकटीतला आकडा खोडून साधारण निम्मा करा. कारण साधं आहे. तुम्ही पिटच्या गल्लीत ८० ने रांगत असता तेव्हा बाहेरचेही हळू चाललेले असतात. मग बरोबरच्या खुणा नव्याने करायच्या, आणि त्या दहा-पंधरा सेकंदांत करायच्या, कारण संघही तेवढ्याच वेळात ठरवतात. २०२१ ची अबू धाबीची शर्यत या एका पानावर समजते. ५८ पैकी ५३ व्या लॅपला अपघात, सेफ्टी कार आली. हॅमिल्टन व्हर्स्टापेनच्या अकरा-बारा सेकंदांनी पुढे, जुन्या कडक टायरांवर. तो थांबला असता तर निम्म्या किमतीतही व्हर्स्टापेन पुढे गेला असता, म्हणून तो थांबला नाही. व्हर्स्टापेनच्या मागे मात्र पुरेशी मोकळी जागा होती, त्याने मऊ टायर घेतले. मग मधल्या मागे पडलेल्या गाड्या बाजूला काढून शेवटचा एक लॅप सोडला गेला आणि त्यात व्हर्स्टापेन हॅमिल्टनला ओलांडून जिंकला. त्या निर्णयावर वाद अजून चालू आहे. पण दोघांच्या रकान्यातल्या खुणा बघितल्या तर थांबण्या-न थांबण्याचं कोडं उरत नाही.

पाऊस

इथे कोकणातल्या माणसाची नजर आधीच तयार असते. देवरुखात धो-धो आणि रत्नागिरीत ऊन, हे ज्याला माहीत आहे त्याला बेल्जियममधलं स्पा समजावून सांगावं लागत नाही. तो लॅप सात किलोमीटरचा, डोंगरातला; एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्याला कोरडं.

पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, इंटरमीडिएट ३० लिटर. तरीही मुसळधार पावसात शर्यत थांबवतात, कारण फेकलेलं पाणी मागच्याच्या डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतं. ट्रकमागे गाडी चालवताना वायपर हरतो तसंच. २०२१ ला स्पात सेफ्टी कारमागे जेमतेम लॅप झाले, निकाल लावला आणि अर्धे गुण वाटले. त्यानंतर नियम बदलला: सेफ्टी कारविना निदान दोन लॅप झाल्याशिवाय गुण नाहीत.

टायर कधी बदलायचा ते वेळेवरून ठरतं. कोरड्यातली चांगली वेळ पात्रता फेरीतून नव्हे, त्याच शर्यतीतून किंवा सरावातल्या लांब फेऱ्यांतून घ्या. तिच्याहून लॅप १० ते १२ टक्क्यांनी लांबला की गुळगुळीत (कोरड्यातले) टायर सोडायची वेळ आली. ९० सेकंदांचा लॅप १०० च्या वर गेला, तर इंटरमीडिएट. ट्रॅक सुकताना हाच आकडा उलट्या दिशेने बघायचा. सुकताना आणखी एक खूण: मागच्या चाकांमागचा फवारा बारीक होतो आणि मधोमध काळी पट्टी दिसू लागते. शहाणे ड्रायव्हर सरळ रस्त्यावर मुद्दाम त्या पट्टीबाहेर, ओल्यातून जातात. इंटरमीडिएट कोरड्यावर तापून फाटू नये म्हणून. गुळगुळीत टायर पहिल्यांदा घेणारा बहुधा मागच्या फळीतला असतो, त्याला गमवायला काही नसतं. त्याच्या लॅपचे तीन तुकडे वेगळे येतात, त्यातला एकही इतरांपेक्षा वेगवान झाला की पुढच्या लॅपला पिटमध्ये गर्दी होणार.

चुकीच्या टायरची किंमत काय असते ते २००८ च्या ब्राझीलमध्ये दिसलं. शेवटच्या लॅपांत पाऊस आला, बहुतेकांनी इंटरमीडिएट घेतले, ग्लॉक नावाचा ड्रायव्हर कोरड्या टायरांवर राहिला आणि शेवटच्या वळणांत घसरत-घसरत चालला. हॅमिल्टन त्याला ओलांडून पाचवा आला आणि एका गुणाने विश्वविजेता झाला. त्याचा प्रतिस्पर्धी फेलिपे मासा शर्यत जिंकूनही विजेतेपद हरला.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० ला हे सगळं प्रकरणच नाही. लंबगोल ट्रॅकवर पाऊस पडला की शर्यत थांबते, ट्रॅक सुकवतात, मग पुन्हा सुरू. ३३ गाड्या, २०० लॅप, मे महिन्याच्या शेवटाकडे, आपल्या रात्री सव्वादहाच्या सुमारास. तिथे शर्यतीत इंधन भरतात, म्हणून वहीत टायरच्या ठिपक्याऐवजी शेवटचं इंधन कुठल्या लॅपला भरलं तो आकडा लिहावा.

निकाल पेन्सिलीने

झेंडा पडला की निकाल लिहा, पण पेन्सिलीने. २०२४ ला स्पात रसेल एकाच थांब्यात, जुन्या टायरांवर पहिला आला. वजन केलं तर गाडी किमान ७९८ किलोला दीड किलो कमी. ट्रॉफी हॅमिल्टनची झाली. २०२५ ला लास व्हेगासमध्ये नॉरिस आणि पिआस्त्री दोघेही बाद झाले, कारण गाडीखालची फळी जास्त झिजली होती. ही फळी नवी असताना १० मिलिमीटर जाड असते आणि ९ च्या खाली गेलेली चालत नाही. गाडी किती खाली बसवली याचा तोच पुरावा. तपासणीला तास-दोन तास लागतात. गुणांची बेरीज (२५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १) सोमवारी सकाळी करावी. सर्वांत वेगवान लॅपचा जास्तीचा गुण अलीकडे २०१९ ते २०२४ एवढाच होता. जुन्या वहीशी ताळा करताना तो धरा, नव्या वहीत धरू नका.

गाड्या डोळ्यांनी बघायच्या असतील तर

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ तीनच शर्यती झाल्या, तिन्ही व्हेटेलने जिंकल्या. आज कोकणातून जाऊन उघड्या चाकांच्या गाड्या बघायच्या तर कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे सोयीचं, लॅप २.१ किलोमीटरचा. रत्नागिरीहून मंगला किंवा नेत्रावतीने शोरानूर, तिथून पालक्काडमार्गे कोइम्बतूर सुमारे शंभर किलोमीटर. राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा ठरल्या की मगच तिकीट काढा. गणपतीच्या आगेमागे कोकण रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, हे सांगायला नकोच.

तिथे हाताशी पडद्यावरची पट्टी नसते. समोरचा एक खांब धरायचा. पहिली गाडी खांबाशी आली की स्टॉपवॉच सुरू, पुढची आली की लॅपचं बटण. अंतर आपलं आपल्यालाच मिळतं. वळणाच्या तोंडाशी न बसता वळण संपून गाड्या बाहेर पडतात तिथे बसा, कारण तिथे अंतर स्थिर दिसतं. ब्रेक मारण्याच्या जागी गाड्या एकमेकींच्या अंगावर येतात आणि आकडा खोटा येतो. कानात घालायला फोमचे बोळे, टोपी, आणि वहीला प्लास्टिकची पिशवी न्यावी.